निम्मे डास

नळीवाल्याचा आकडा पुन्हा निम्माच आला होता. सहा वस्त्यांत सहा माणसं रोज सकाळी दोन तास दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे टाकून बसायची आणि चावायला आलेला डास काचेच्या नळीत ओढून घ्यायची. बाकी पाच जणांचे डास चाळिशीच्या आसपास. याचे वीस, एकोणीस, एकवीस.

ऑफिसात तिला सगळे गणितवाली म्हणत. माणसाला किती डास चावतात ते कळलं, की पुढच्या महिन्यात ताप कुठे किती पसरेल हे तिचं गणित सांगे. फवारणीचं औषध चारच वस्त्यांना पुरणार होतं. नळीवाल्याची वस्ती यादीत तळाला गेली होती आणि नेमकी तिथेच तिची ताई राहत होती, सातव्या महिन्यातली.

"डास कुठले कमी? आमचे हे चार दिवस तापानं फणफणलेत," ताई फोनवर म्हणाली. "आणि तुमचा तो माणूस भलताच आतल्या गाठीचा बाई. सगळ्यांच्या आधी येऊन पाण्याच्या टाकीमागे बसतो, कुणाला जवळ फिरकू देत नाही. परवा गच्चीवरून पाहिलं, पाठमोरा बसून पायाला डब्यातली पांढरी पावडर चोळत होता."

गणितवालीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डास पळवायची पावडर! स्वतःचं कातडं वाचवायचं आणि वर काहीतरी आकडा ठोकून द्यायचा. मग निम्मे तरी कसे येतात, असा एक प्रश्न तिलाही पडला, पण रागापुढे तिने त्याला उभं राहू दिलं नाही.

तिने साहेबांना गाठलं. "त्याचे आकडे मी दुप्पट धरते."

"कशाच्या जोरावर?"

"संशय आहे."

"संशयाला कोष्टकात रकाना नाही. बहिणीसाठी गणित वाकवलं म्हणतील लोक. पुरावा आणा. यादी आज संध्याकाळी पाच वाजता जाणार."

चार वाजता नळीवाला समोर आला. पन्नाशीचा, कडक इस्त्रीची पँट, जिना चढून दमलेला.

"पावडर कसली लावता?"

"साधीच आहे, मॅडम. घाम येतो."

"बाकी पाच जणांना येत नाही वाटतं?"

त्याने पँटची घडी सारखी केली.

"किती डास सोडून देता रोज?"

"एकही नाही. बसलेला प्रत्येक डास नळीत आहे." तो प्रश्न त्याला लागला होता.

"मग निम्मे कसे? तुमच्या आकड्यापायी त्या वस्तीला औषध मिळणार नाही. माझी ताई आहे तिथे, पोटुशी." तिला खरंच भीती वाटत होती.

त्याने मान वर केली. "औषध यावरून ठरतं?"

"मग कशावरून?"

"मला कुणी सांगितलं नाही." त्याने दार लोटून घेतलं. "खरं सांगितलं तर माझं काम जाईल, मॅडम."

"आणि नाही सांगितलं तर तासाभरात यादी जाईल."

नळीवाला खुर्चीत बसला. त्याने पँटची डावी बाजू वर सरकवली, दोन पट्टे सोडले आणि गुडघ्याखालचा अख्खा पाय काढून तिच्या टेबलावर ठेवला.