शून्यावरची रेघ

भिंतीवरच्या पडद्यावर लाल रेघ पार वर टेकली होती. "सर्व्हर कोण खातंय ते मला आत्ता कळलं पाहिजे," मुख्य अभियंता धर्माधिकारी साहेब म्हणाले. धरणात किती पाणी येणार याचा हिशेब सकाळपासून अडकला होता.

सर्व्हर सांभाळणाऱ्या वृंदाला ते कधीच कळलं होतं. सगळ्यात जास्त मेमरी साहेबांचाच लाडका प्रोग्राम खात होता, कोणता प्रोग्राम किती खातो हे क्षणाक्षणाला मोजून भिंतीवर रेघा काढणारा. पण हे साहेबांना सांगायचं कोणी?

"सगळ्या प्रोग्रामना सारखी मर्यादा घालते," ती म्हणाली. "जो जास्त मेमरी घेईल तो आपोआप बंद पडेल."

"घाला. कोणाचीही गय करू नका. माझीसुद्धा."

तिने केली नाही. मिनिटभरात एकच प्रोग्राम बंद पडला, आणि मोजणाराच गेल्यावर लाल रेघ धपकन शून्यावर येऊन आडवी झाली. शेजारच्या टेबलावर धरणाचा हिशेब भराभर पुढे सरकू लागला.

साहेब हात मागे बांधून पडद्यासमोर उभे राहिले. "बघा, जरा धाक बसला की सगळे कसे सरळ होतात." त्यांनी स्वतःहून सगळ्यांना चहा सांगितला. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

वृंदाने खरं सांगायला तोंड उघडलं. हिशेब करणाऱ्या मुजुमदारबाईंनी तिच्या हातात बिस्किट ठेवलं. "आधी हे खा," त्या हळूच म्हणाल्या.

"ही रेघ आता अशीच राहिली पाहिजे," साहेबांनी बजावलं.

"राहील साहेब," वृंदा म्हणाली. इतक्या खात्रीने तिने या नोकरीत आजवर कशाचीच हमी दिली नव्हती.