अंपायरवर कौल

भारत कसोटी हरल्याला चार दिवस झाले, तरी चंदनच्या चहाच्या टपरीवरचं भांडण काही मिटेना.

"अंपायर फुटलेलो आसा! च्याच्या सुट्टीत त्यांच्या कप्तानाबरोबर हसत होतो. मिया माझ्या डोळ्यांनी बघलंय," सत्यवान तावातावाने म्हणाला.

"अंपायराक कित्याक गाळी घालतस? आपल्याच पोरांका स्पिन खेळूक जमना नाय," चंदन कप विसळत म्हणाला.

सत्यवानाचं डोकंच फिरलं. वीस वर्षांची मैत्री गेली खड्ड्यात, आता निवाडा देवच करील, म्हणत तो तडक ग्रामदेवतेच्या देवळात गेला आणि गुरवाला कौल लावायला सांगितला. उजवी पाकळी आधी पडली तर अंपायर लबाड, डावी पडली तर आपला संघच कच्चा.

चंदनही मागोमाग येऊन उभा राहिला. त्याच्याकडे बघून गुरव जरासा हसला, मग देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवून त्याने गाऱ्हाणं घातलं.

डावी पाकळी टपकन खाली आली.



सत्यवानाने पाकळीवरून नजर चंदनकडे नेली. मग गुरवाकडे वळून हळूच म्हणाला, "गुरवानू, आज सकाळी च्या खंय घेतलास?"