सातवा नमुना

“हाही टोचतो,” घड्याळजी म्हणाले आणि नाकावरचा पट्टा काढून त्यांनी बायकोच्या शिलाई मशीनवर ठेवला. “इथे, गालाच्या हाडावर.”

“अहो, दहा मिनिटं तरी घालून बसा! नवी चप्पलसुद्धा पहिल्या दिवशी चावते.”

“चप्पल घालून झोपायचं नसतं,” घड्याळजी म्हणाले.

मावशींनी कात्री उचलली आणि शिवण उसवायला घेतली.

सगळी गल्ली त्यांना मावशीच म्हणायची. दुकानाच्या एका बाजूला त्या कंबरेचे, मानेचे, गुडघ्याचे पट्टे शिवत. दुसऱ्या बाजूला काचेच्या टेबलामागे नवरा घड्याळं दुरुस्त करी. मावशींचा एकच नियम होता, आणि तीस वर्षांत तो मोडला नव्हता. नव्या धाटणीचा पट्टा आधी स्वतः घालून एक रात्र झोपायचं, मगच गिऱ्हाइकाला द्यायचा. पाठ टेकली की त्यांचा डोळा लागे. ज्या पट्ट्याने त्यांची झोपमोड होई, त्याची धडगत नसे.

हे नाकाचं प्रकरण दोन महिन्यांपूर्वी सुरू झालं. घड्याळजींचे डोळे लाल दिसू लागले. भर दुपारी, डोळ्याला भिंग लावलेलं असतानाच ते पेंगत. एकदा तर एका वकिलाचं घड्याळ त्यांनी भलत्याच माणसाच्या हाती दिलं. मावशींनी फैलावर घेतलं तेव्हा ते हळूच म्हणाले, “रात्री श्वास अडतो. बेचाळीस सेकंद. मोजलाय मी.”

“झोपेत कसा मोजलात?”

“घड्याळजी आहे मी.”

मावशी हसल्या, पण लगेच त्यांना आई आठवली. ती झोपेतच गेली होती, साठीही न गाठता. लोक म्हणाले, भाग्याचं मरण. त्यात कसलं आलंय भाग्य, ते मावशींना कधी कळलं नाही.

दवाखान्यात घड्याळजी आधी एकटेच आत गेले. पंधरा मिनिटांनी मावशींना बोलावणं आलं. पेशंटच्या खुर्चीत नवरा, शेजारच्या स्टुलावर त्या. डॉक्टरीणबाई सगळं सांगत होत्या ते मावशींकडे बघून. झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, हृदयावर ताण येतो. हवा सोडणारं यंत्र रोज रात्री लावायलाच हवं, टाळलं तर जिवावर बेतेल. मावशींना बाई हुशार वाटल्या. पुरुषांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. असलं सगळं बायकोलाच सांगावं लागतं. निघताना बाईंनी मावशींचाही रक्तदाब बघितला. बघू दे बापडी, असं मनाशी म्हणत मावशींनी हात पुढे केला. एरवी त्या दवाखान्याची पायरी चढत नसत. ‘तूही एकदा तपासून घे’ म्हणून नवरा मागे लागला, की “मला काय धाड भरलीय?” एवढंच उत्तर मिळे.

यंत्र घरी आलं. त्याच्यासोबतचा मास्क म्हणजे नाकातोंडावर बसणारं प्लास्टिकचं भांडंच होतं, मागे चार पट्टे असलेलं. रोज सकाळी तो उशीखाली सापडे. “गुदमरतं गं,” घड्याळजी म्हणत. चौथ्या सकाळी मावशींना रडू फुटलं. मग नाक पुसून त्या म्हणाल्या, “थांबा. तुम्हाला सोसेल असा मीच शिवते.”

“शिव. पण नियम तो नियम,” घड्याळजी म्हणाले. “आधी तू घालून झोपायचं. यंत्र लावून.”

“म्हणजे काय! फुकटचा नियम आहे का माझा?”

डॉक्टरीणबाईंनी नाकपुड्यांना नुसत्या टेकणाऱ्या दोन मऊ रबरी बोंड्या दिल्या. मावशींनी त्या सुती पट्टीत बसवल्या आणि कुशीवर वळता यावं म्हणून नळी डोक्यावरून मागे नेली. पहिला नमुना कानामागे काचला. दुसरा घसरला. तिसऱ्याचं बक्कल रुतलं. रोज सकाळी घड्याळजी विचारत, “तुला कसं वाटलं?” आणि वहीत लिहून घेत. मग स्वतः घटकाभर घालून आणखी एक खोट काढत.

“तुम्हाला सोन्याचा दिला तरी टोचेल!” मावशी करवादत. पण उसवत आणि पुन्हा शिवत. त्यांना त्यांचा माणूस हवा होता.

सातव्या नमुन्यात बक्कल नव्हतंच, आणि गालाला जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरीचं अस्तर होतं. मावशी सकाळी उठल्या तेव्हा पट्टा जागच्या जागी होता आणि तो आहे हेच त्या विसरल्या होत्या. रोज उठल्या उठल्या ठणकणारं डोकं आज गप्प होतं. दूधवाल्याशी भांडायचंही राहून गेलं.

“जमला!” त्या म्हणाल्या. “आज तुम्ही घाला.”

“धुतल्यावर सैल पडला तर? आठ दिवस वापरून बघ.”

“आणि तोवर तुम्ही यंत्राशिवाय?”

“डॉक्टरीणबाईंना विचारलंय मी. चालेल म्हणाल्या.”

मावशींना ते पटलं नाही. पण गंमत अशी, की त्या आठ दिवसांत घड्याळजींचे डोळे निवळले आणि दुपारचं पेंगणंही थांबलं. नुसत्या आशेनेही माणसाला उतार पडतो, मावशींना वाटलं.

नवव्या दिवशी यंत्रातलं नोंदींचं कार्ड घेऊन दोघं दवाखान्यात गेले. घड्याळजी पेशंटच्या खुर्चीत बसले, मावशी स्टुलावर. डॉक्टरीणबाईंनी कार्ड संगणकाला लावलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“आठही रात्री श्वास एकदाही अडलेला नाही. मावशी, तुमच्या हाताला यश आहे!”

घड्याळजींनी चष्मा काढून डोळे पुसले.

“बाई, काहीतरी घोटाळा होतोय,” मावशी म्हणाल्या. “आठही रात्री पट्टा मी लावला होता. यांनी अजून एक रात्रही घातलेला नाही.”

घड्याळजी उठले, त्यांनी बायकोचा हात धरून तिला हळूच पेशंटच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसले.