दोन पांढरे केस

लाल कालवड तपासायची ती जेरुसलेमच्या रब्बी एल्कानांनीच. अंगावर दुसऱ्या रंगाचे दोन केस निघाले की कालवड बाद. निर्दोष निघाली, तर तिला जाळून राख करणार, त्या राखेने माणसं शुद्ध होणार आणि ज्यूंचं प्राचीन मंदिर पुन्हा बांधायला त्याच्या जुन्या टेकडीवर चढणार. टेकडीवर आज मशीद आहे.

बारा वर्षांत रब्बींनी चार कालवडी बाद केल्या. दर वेळी ते तिच्या कानामागे हात घालायचे आणि चिमटीत धरलेले दोन पांढरे केस सगळ्यांना दाखवायचे.

यंदा ते इस्पितळातून थेट गोठ्यावर आले. तीन महिन्यांच्या औषधांनी अगदी निम्मे झाले होते. गाडीत बायको त्सिपोरा एवढंच म्हणाली, "टेकडी पेटली तर आधी आपली नातवंडं होरपळतील हो, विसरू नका."

"रब्बी, या वेळी तरी पास करा," गोठेवाला नावोत म्हणाला. "तुमचा हात लागला की माझ्या कालवडी म्हाताऱ्याच होतात!"

सगळे हसले. मागे ट्रकमधून सरणाची लाकडं उतरत होती.

रब्बींनी भिंग घेऊन शिंगांपासून शेपटीपर्यंत पाहिलं. केस न् केस लाल.

"सापडले का?" नावोतने विचारलं.

"थांब जरा," रब्बी म्हणाले, आणि त्यांचा हात सवयीने स्वतःच्या दाढीकडे गेला.



औषधांनी तिथे एकही केस शिल्लक ठेवला नव्हता.