चौघींतली एक

"तुमच्यापैकी एकीचा सूर घसरून राहिला," देवानंद सर म्हणाले आणि त्यांनी पेटीचा भाता लावून टाकला. "तिसऱ्या ओळीत, आवाज वर चढते तिथंच. नाव घेत नाही. कोणाच्या पोरीला चारचौघांत बोलायची माझी सवय नाही. जिचा आहे तिला समजते. तिनं स्टेजवर नुसते ओठ हलवायचे. बाकीच्या ओढून नेतील. विषय संपला."

चौघींनी एकाच वेळी मान हलवली आणि एकाच वेळी एकमेकींकडे पाहिलं. ढोलकीवरचा संघदीप तेवढा निवांत होता. ढोलकीला सूर कोण विचारते!

दुर्गेश्वरी गटात सगळ्यांत नवी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला धीर करून ती समूहगानात शिरली होती. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात रोवणीचं, म्हणजे भातलावणीचं, गाणं म्हणायचं होतं. पण गावी, दवनीवाड्याला, बाबांनी ताकीद दिली होती, "तुले शिकाले धाडलं, गायाले नाही." शेवटी शकुंतलाबाईंनी, म्हणजे मायनं, तोड काढली होती. "महोत्सवाले मी येईन. माह्या कानानं ऐकीन. चांगलं असन त तुह्या बाबाशी मी पाहून घेईन. नसन त तुनं आपल्या मनानं गाणं सोडाचं."

म्हणजे सगळं त्या एका गाण्यावर. आणि चौघींत एक बेसूर बसलेली!

पहिला संशय डिंपलवर. डिंपल गोंदियाच्या बाजारातली, भर उन्हाळ्यातही गळ्याला स्कार्फ आणि पर्समध्ये ज्येष्ठमध. ज्याचा गळा खरंच चांगला, तो त्याचे एवढे लाड करत नाही, असा दुर्गेश्वरीचा हिशेब होता.

"काऊन पाहून राहिली गं एवढी?" डिंपलनं विचारलं. "गला मत देख, झुमके देख. नवीन आहेत."

"छान आहेत," दुर्गेश्वरी म्हणाली. सुराकडे कोणाचं लक्ष जाऊ नये म्हणून लोक काय काय घालतात, हे तिनं मनात म्हटलं.

पण डिंपल बालाघाटला लग्नाला गेली, तरी तिसऱ्या ओळीत सूर घसरला तो घसरलाच. दुर्गेश्वरीनं तिला मनातून सोडून दिलं. जरा वाईटच वाटलं. डिंपल असती तर बरं झालं असतं.

मग टीना. टीना डोळे मिटून गायची, आणि नेमकी तिसऱ्या ओळीतच मिटायची. चोर असाच डोळे चुकवतो.

"तुले कोण वाट्टे?" चहाच्या टपरीवर टीनानंच विषय काढला.

"मले काय माहीत? तुले?"

"मले तरी काय माहीत!"

दोघीही जरा घाईनंच बोलल्या आणि दोघींनीही चहा फुंकायला घेतला, थंड झालेला.

टीनाला ताप आला. ती घरी झोपून होती, आणि सूर इकडे घसरला.

राहिली अल्का. अल्काचा आवाज मोकळा, लहानपणापासून विहारात वंदना म्हणून घोटलेला. पण अल्का रोज आपल्या डब्यातली भाजी दुर्गेश्वरीच्या पोळीवर वाढायची. एवढं गोड वागायला काही कारण लागते की नाही? दुर्गेश्वरीनं भाजी खाल्ली आणि संशय तसाच ठेवला.

पुढं अल्काच्या भावाचा साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आला. अल्का नव्हती. दुर्गेश्वरी कान टवकारून गायली. तिसरी ओळ आली. सूर घसरला.

प्रत्येक वेळी हजर असलेली एकच होती, आणि ती तिच्याच ओढणीत बसली होती.

फुलचूरच्या भाड्याच्या खोलीत दार लावून ती एकटी गायली. सूर कुठं घसरेना. पण आपला कान आपल्या गळ्याला पासच करतो, त्याचं काय धरायचं? शेवटी एक दिवस ती मुद्दाम सरावाला गेली नाही. दुसऱ्या दिवशी अल्काला विचारलं, "काल कसं झालं वो?"

अल्कानं नजर चुकवली. "झालं आपलं," एवढंच म्हणाली आणि भाजी जरा जास्त वाढली.

दुर्गेश्वरी समजली. तिच्याविना छान झालं होतं. बिचारी तोंडावर कशी सांगणार!

महोत्सवाच्या दिवशी माय ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि पहिल्या रांगेत बसली. "जोरानं म्हणजो बाई. मले हळू म्हटलेलं ऐकू येत नाही."

"हो माय."

पडद्यामागं दुर्गेश्वरीनं शेवटचा हिशेब केला. गायलं तर सूर घसरणार, चौघी बुडणार, वर माय ते स्वतःच्या कानानं ऐकणार. नाही गायलं तर तिघींचा आवाज माय आपल्या पोरीचा समजून घरी नेईल. फसवणूक होती. पण नुकसान कोणाचंच नव्हतं.

पडदा उघडला. सरांनी पेटीवर सूर दिला, संघदीपनं ढोलकीवर ठेका धरला. दुर्गेश्वरीनं छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं आणि आवाज आतच ठेवला.

शेजारी अल्काचं तोंड उघडलं. पलीकडे टीनाचं. टोकाला डिंपलचं. चौघी झोकात माना डोलवत होत्या.

आवाज कोणाचाच नव्हता.

पहिल्या रांगेत मायनं कानामागं हात धरला. संघदीपचा हात अडखळला, पुन्हा सावरला. सरांना दरदरून घाम फुटला. पोरींना गाणं आठवावं म्हणून त्यांनी भाता जोरात ओढत पेटीवर एकट्यानंच चाल पुढं नेली. पहिली ओळ. दुसरी ओळ.

आणि कोणीच गात नसलेल्या त्या सभागृहात, तिसऱ्या ओळीत, नेमका त्याच जागी, सूर घसरला.