खापराचा चुना

भट्टीतून काढलेल्या दोन विटा दौलतच्या हातात सुट्या झाल्या. मधला चुना पिठासारखा भुरभुरला. याही खेपेला नाही.

कल्याण बंदरावर त्र्यंबकशेटची तांदळाची वखार होती. गेल्या शिमग्यात ती पेटली, तेव्हा तिची मागची भिंत कोसळली आणि बाहेरून पाणी मारणारा दौलतचा भाऊ महिपत तिच्याखाली सापडून मेला. त्या भिंतीची डागडुजी दौलतनेच केलेली. आगीच्या दिवशी तो ठाण्याला कामावर होता. कुणी त्याला बोल लावला नाही, पण त्याने गवंडीकाम सोडलं आणि आगीत टिकेल असा चुना शोधत बसला. वाळू बदलली, गूळ घातला, कच्च्या विटा कुटून त्यांची सुरखी घातली. सगळं तडकलं.

"एकदा कडक भाजलेलं परत काय भाजणार?" त्याची बायको रखमाबाई भाकरी थापताना सहज म्हणाली.

दौलतने कुंभाराकडची काळी पडलेली खापरं कुटून चुन्यात मळली. त्या विटा भट्टीतून निघाल्या त्या घणानेही सुटेनात. दौलत ढसाढसा रडला.

त्याच चुन्यात त्याने वखारीची मागची भिंत उभी केली.

रखमाबाई तिथे तांदूळ पाखडायची. आग लागली तेव्हाही ती आतच होती, पण वाचली. त्या दिवसाचं नाव मात्र घरात कुणी काढत नसे.

"मला नको वाटतं परत तिथं जायला."

"अगं, माझ्या हातची भिंत आहे. आता हलायची नाही. जा निर्धास्त."

ती गेली.

माघातल्या एका दुपारी वखारीच्या एकुलत्या दारातच घासलेटचा डबा पेटला. दौलत धावत मागच्या गल्लीत आला. छप्पर धडाडून जळत होतं, पण भिंतीला चीरही नव्हती.

"शाबास, दौलत! गल्ली वाचवलीस!" त्र्यंबकशेट ओरडले.

"आणि बाया?"

"सुटतील रे. गेल्या वेळी नाही का सगळ्या सुटल्या?"

दौलतने भिंतीवर हात टेकला. आता महिपतला तोंड दाखवता येईल, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात सगुणा धावत आली. तीही वखारीतच पाखडायची. आज तेवढी घरी राहिलेली. तिने दगड उचलला आणि वेड्यासारखी भिंतीवर हाणत सुटली.

"पाड ही, दादा! गेल्या वेळी ही पडली म्हणून तर आम्ही बाहेर आलेलो!"