स्वागताचं वाक्य

कोडिंग न येता तीन पायऱ्यांत वेबसाइट, अशी जाहिरात होती. पुस्तकबांधणी करणाऱ्या बाबांना त्या तीन पायऱ्या चढायला सतरा दिवस लागले. पहिलीवरच अकरा गेले. शेवटी फक्त स्वागताची चौकट उरली. साइट उघडताच तिच्यात एक वाक्य झळकतं, ते मालकाने आपल्या मनाने लिहायचं असतं. बाबांनी ते लगेच लिहिलं आणि परगावच्या लेकीला साइटचा पत्ता पाठवला.

त्यानंतर नवव्या दिवशी तिचा फोन आला. "बाबा, आत्ता उघडली. मस्त झालीये हो! पण स्वागताला 'किती दिवसांनी! जेवण झालं का?' असं काय लिहिलंत? गिऱ्हाइकं काय म्हणतील?"

"गिऱ्हाइकांना कुठे पत्ता दिलाय अजून?"